चढणीवरील पकड आणि नियमांची चौकट

(विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धांविषयी दादर येथे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)

दहीहंडीच्या दिवशी गिरगाव, दादर आणि लालबागच्या रस्त्यांवर जे मनोरे उभे राहतात, त्यांच्याकडे पाहणाऱ्याची नजर सहसा सर्वांत वरच्या गोविंदावर खिळलेली असते. मनोरा टिकतो तो मात्र तळाच्या थरातील पायांवर. वरून पाण्याचा मारा चालू असतो, डांबरी रस्ता ओला झालेला असतो, आणि तळाच्या एखाद्या गड्याची टाच बोटभर सरकली तरी वरचे सारे थर खाली येतात. बाहूंत कितीही बळ असले तरी पायाखालच्या जमिनीने साथ दिल्यावाचून ते बळ कामी येत नाही, ही गोष्ट या भागातील लहान मुलालाही ठाऊक असते.

२००८ साली पुण्यास झालेल्या आशिया-पॅसिफिक विभागाच्या यंत्रमानव-स्पर्धेचा विषय हाच होता. 'रोबोकॉन' या नावाने ओळखली जाणारी ही स्पर्धा आशिया-पॅसिफिक प्रक्षेपण संघटनेच्या वतीने २००२ साली टोकियो येथे सुरू झाली. दरवर्षी यजमान देश आपल्या परंपरेतील एखादा खेळ किंवा प्रसंग निवडतो आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी त्यासाठी स्वतः यंत्रे घडवावयाची असतात. यजमानपद भारताकडे आले तेव्हा गोविंदा आणि लोण्याची हंडी हा विषय निवडला गेला. २०२२ साली दिल्लीत तो लगोरीचा होता. भारतातील राष्ट्रीय फेरीशी दूरदर्शनचा प्रारंभापासून संबंध राहिला असून ती अनेक वर्षे पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात भरत असे.

या स्पर्धांतील यंत्रांचे हात, नेम आणि वेग यांचे कौतुक पुष्कळ होते. चढण चढताना यंत्राच्या चाकांना पकड कशी मिळवून द्यावयाची आणि तीही नियमांत राहून, हा त्यामानाने दुर्लक्षित राहिलेला प्रश्न आहे. वरवर पाहता तो किरकोळ वाटतो. परंतु अनेक महिन्यांची मेहनत शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत वाया जाते, ती बहुधा याच ठिकाणी.

यंत्राच्या पाठीवरची चढण

अमेरिकेत डीन केमन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि १९९२ पासून ती शालेय विद्यार्थ्यांसाठी यंत्रमानव-स्पर्धा भरवीत आली आहे. मुंबईतील शाळकरी मुलामुलींचा 'आर फॅक्टर' हा ६०२४ क्रमांकाचा संघ २०१६ सालापासून या स्पर्धेत उतरला. या स्पर्धेच्या २००७ सालच्या खेळात एक मोठी मौजेची अट होती. सामना संपतेवेळी एखाद्या संघाचा यंत्रमानव आपल्या सहकाऱ्याच्या यंत्रमानवाने जमिनीपासून ४ इंच उचलून धरलेला असेल तर १५ गुण, आणि १२ इंच उचललेला असेल तर ३० गुण. साहजिकच अनेक संघांनी आपल्या यंत्रावर घडीची चढण बसविली. सामना संपत आला की ती दोन्ही बाजूंना उलगडावयाची आणि सहकारी यंत्रांनी तीवरून वर चढावयाचे. २०१८ सालच्या खेळातही शेवटी १२ इंच उंची गाठण्याची अट आल्याने काही संघांनी पुन्हा हाच मार्ग धरला. अशा चढणीला विद्यार्थी सरसकट 'रॅम्प' म्हणतात आणि तो शब्द आता मराठीतही रुळला आहे.

रोबोकॉनमध्ये चढण वेगळ्या रूपाने येते. २०१६ साली बँकॉकच्या स्पर्धेत चढ-उताराच्या टेकड्या ओलांडणारे यंत्र होते. त्याला स्वतःची चालकशक्तीच असू नये, दुसऱ्या यंत्राने त्याला स्पर्श न करता पुढे न्यावे, अशी विलक्षण अट होती. २०१९ साली मंगोलियातील स्पर्धेत चार पायांच्या चालत्या यंत्राने अखेरीस डोंगर चढून जावयाचे होते. तेथे चाकांची सोयच नव्हती. विद्यार्थ्यांना पायांच्या तळव्यांचा विचार करावा लागला आणि पादत्राणांच्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली कितीतरी गोष्ट त्यांना नव्याने शोधावी लागली.

दादरला लागूनच असलेल्या माटुंग्यातील वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत यंत्रमानवशास्त्राची विद्यार्थी-मंडळी आहेत. १८८७ साली स्थापन झालेली आणि १९२३ साली भायखळ्याहून माटुंग्याला आलेली ही संस्था गिरण्यांच्या मुंबईला तंत्रज्ञ पुरविण्यासाठी उभी राहिली होती. गिरण्यांमध्ये एका लांबलचक दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी शेकडो यंत्रे फिरत. पट्टा चाकावरून सरकू लागला की कापडाचे उत्पादन घटे, म्हणून पट्ट्याला राळेचे मिश्रण लावण्यासाठी माणूस ठेवलेला असे. परळ-लालबागच्या एखाद्या घरातील आजोबांना नातवाच्या यंत्राची अडचण समजावून सांगितली तर ती त्यांना परकी वाटणार नाही.

मोजमापाची गोष्ट

चढणीवरचे यंत्र घसरते किंवा चढते, हे दोन गोष्टींवर ठरते. एक चढणीचा कल. दुसरी चाक आणि पृष्ठभाग यांच्यातील घर्षण. या घर्षणाचे माप म्हणजे घर्षणांक. तो मोजण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही, ही शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. एक सरळ फळी घ्यावी, तिच्यावर जो पृष्ठभाग वापरावयाचा तो बसवावा, यंत्राची चाके दोरीने बांधून ती फिरणार नाहीत असे करावे आणि यंत्र फळीवर ठेवून फळीचे एक टोक हळूहळू उचलावे. यंत्र ज्या क्षणी सरकू लागेल त्या क्षणी उचललेल्या टोकाची उंची मोजावी आणि त्या टोकाच्या नेमक्या खालच्या बिंदूपासून फळीच्या टेकलेल्या टोकापर्यंतचे जमिनीवरचे अंतर मोजावे. उंचीला अंतराने भागले की घर्षणांक मिळतो. अंतर १०० सेंटिमीटर आणि उंची ३० सेंटिमीटर असेल तर घर्षणांक ०.३०. येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात. ते जमिनीवरचे अंतर न मोजता फळीची लांबी मोजतात. कल थोडा असेल तर फरक फारसा पडत नाही; कल वाढला की उत्तर चुकते.

आता १२ इंचांची, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटरची उंची एक मीटर लांबीच्या फळीने गाठावयाची आहे असे धरू. फळीचा जमिनीवरचा पसारा सुमारे ९५ सेंटिमीटर होईल. उंचीला त्याने भागले असता ०.३२ येतात. म्हणजे चारही चाकांना मोटरचे बळ असेल तर निदान ०.३२ इतका घर्षणांक हवाच. परंतु दोनच चाके चालती असतील आणि त्यांच्यावर यंत्राचे निम्मेच वजन पडत असेल, तर लागणारा घर्षणांक दुप्पट, म्हणजे ०.६४ होतो. चाचणीत चारही चाके बांधून ०.५० मोजलेले यंत्र सामन्यात दोन चाकांवर चढू शकत नाही, आणि संघ मात्र मोटरला दोष देत बसतो.

चढणीवर वजनही हलते. यंत्राचा तोल मागे जातो, खालच्या बाजूच्या चाकांवर भार वाढतो आणि वरच्या बाजूच्या चाकांवरचा कमी होतो. म्हणून दोनच चालती चाके असलेले यंत्र चढविताना ती चाके खालच्या बाजूस राहतील अशी दिशा धरावी. आवश्यक तर यंत्र उलटे फिरवून मागे चालवीत चढवावे. हा बदल करावयास एक पैसाही लागत नाही. मात्र यंत्र उंच असेल आणि जड भाग वर असेल तर हाच हललेला भार त्याला उलथवू शकतो, याचे भान ठेवावे लागते.

टिळक पुलाची चढण चढणारी हातगाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढील गोष्ट लगेच उमगेल. पुढचा गडी ओढतो, मागचे दोघे रेटतात, आणि सर्वांत बिकट क्षण सपाट रस्ता संपून चढण लागते तेथे येतो. यंत्रमानवाच्या रॅम्पवरही तसेच घडते. पुढची चाके फळीवर गेली आहेत आणि मागची अजून जमिनीवर आहेत, अशा वेळी पुढची चाके फळीला मागे ढकलतात. फळी हलकी असेल आणि तिचा पाय जमिनीवर घट्ट रुतलेला नसेल, तर फळीच यंत्राखालून सटकते. संपूर्ण यंत्र फळीवर आल्यानंतर आणि ते सावकाश चढत असेल तर हा धोका पुष्कळ कमी होतो. तेव्हा पकड फळीच्या पाठीला जेवढी हवी तेवढीच तिच्या पायालाही हवी. अनेक संघ पाठीची काळजी घेतात आणि पायाला विसरतात.

नियम काय म्हणतात

येथपर्यंत प्रश्न निव्वळ भौतिकशास्त्राचा होता. फळीला खिळे मारावेत, चाकांना दाते बसवावेत, फार तर सरस चोपडावा, म्हणजे काम झाले, असे कोणालाही वाटेल. स्पर्धेचे नियम नेमके हेच करू देत नाहीत. 'फर्स्ट'च्या स्पर्धेत मैदानावर गालिचा असतो. त्याला इजा होईल असे पकडीचे कोणतेही साधन चालत नाही. धातूचे दाते, वाळूचा कागद म्हणजे पॉलिश पेपर, कडक प्लॅस्टिकच्या खुंट्या, वेल्क्रोसारखी एकमेकांत अडकणारी पट्टी, या सर्वांना मज्जाव आहे. मैदानावर चिकट अंश मागे राहील असे काही वापरता येत नाही. रोबोकॉनमध्येही मैदानाला, प्रतिस्पर्ध्याच्या यंत्राला किंवा माणसांना इजा पोहोचविणारी रचना बाद ठरते.

या बंधनांमागचे कारण रेल्वेच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते. १८६३ साली भोर घाटातून रेल्वे वर चढली. तेथील चढ ३७ फुटांस १ फूट, म्हणजे शेकडा तीनहूनही कमी आहे. रस्त्याच्या हिशेबाने तो काहीच नव्हे. पण गुळगुळीत रूळ, गुळगुळीत चाक आणि मागे अख्खी गाडी. पावसाळ्यात चाके जागच्या जागी फिरू लागतात. यावर उपाय म्हणून इंजिनावरच वाळूची पेटी असते आणि चाकांपुढे रुळावर वाळू सोडता येते. वाळूने रूळ आणि चाक दोन्ही झिजतात. तो झिजीचा खर्च रेल्वेच सोसते, कारण रूळही तिचे आणि चाकेही तिची. स्पर्धेच्या मैदानावर एका संघामागून दुसरा संघ उतरावयाचा असतो. पहिल्याने वाळू टाकली तर तिचे परिणाम दहाव्याला भोगावे लागतात. पकड एकाची आणि झीज सगळ्यांची, असा व्यवहार होऊ नये एवढाच त्या नियमाचा अर्थ आहे.

खरी कसोटी लागते ती नियमाची अक्षरे अपुरी पडतात तेव्हा. रॅम्पच्या पाठीवर पॉलिश पेपरसारखी खरखरीत पट्टी चिकटवली, तर ती गालिच्याला लागत नाही. मग ती चालावी की नाही? अक्षरार्थाने पाहता रॅम्पची पाठ हे जमिनीवर चालण्याचे साधन नव्हे. पण त्या पट्टीवरून सहकारी संघाची चाके जातात. ती घासली जातात, त्यांना पट्टीचे कण चिकटतात आणि त्याच चाकांनी ते यंत्र पुन्हा गालिच्यावर फिरते. शिवाय घडीचा रॅम्प उलगडताना चुकून पालथा पडला तर खरखरीत बाजू थेट गालिच्यावर येते. म्हणजे ज्या वस्तूने नियम मोडत नाही असे प्रथमदर्शनी वाटते, तिने नियमाचा हेतू मोडण्याचा संभव आहे.

अशा प्रसंगी तर्क लढवीत बसण्यापेक्षा आयोजकांना लेखी प्रश्न विचारणे हा सरळ मार्ग होय. या स्पर्धांत शंकांची अधिकृत उत्तरे देण्याची व्यवस्था असते आणि दिलेले उत्तर सर्व संघांना पाहता येते. सामन्यांत उतरण्यापूर्वी तपासनीस यंत्र पाहतात. तेथे बाद ठरलेली पट्टी तासाभरात उपटून दुसरी बसविणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले आहे तेच जाणतात. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार आपल्याकडे नसून तो विचारण्याचा अधिकार मात्र आहे, ही जाण सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना लवकर आली तर बरे. निविदेच्या अटी वाचणाऱ्या पंचायत सदस्यांना याचे महत्त्व सांगावयास नको.

नागदेवी गल्लीतील उपाय

मग नियमांत बसणारी पकड कोठून आणावयाची? तिचा बराचसा माल दक्षिण मुंबईतच मिळतो. क्रॉफर्ड मार्केटच्या मागे नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे, पट्टे आणि रबराचे सामान मिळते. लोहार चाळीत विजेचे. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मोटरी चालविण्याचे इलेक्ट्रॉनिक भाग. हाती थोडी कला असलेल्या विद्यार्थ्याने या तीन ठिकाणी एक दिवस घालविला तर त्याला पाठ्यपुस्तकातील एका धड्याहून अधिक शिकावयास मिळते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे खडबडीत पाठीचा रबरी पट्टा. कारखान्यांत खोकी तिरप्या मार्गाने वर नेणाऱ्या पट्ट्यांची पाठ मुद्दाम उंचसखल केलेली असते. त्याचा तुकडा चाकांवर किंवा फळीवर बसविला असता मऊ रबर समोरच्या पृष्ठभागात किंचित रुतते, गालिचा फाटत नाही आणि कणही सांडत नाहीत. तो नुसत्या डिंकाने चिकटवू नये. सामन्याच्या ताणाने कडा उचकटतात. रिवेट किंवा स्क्रू वापरावा आणि त्याचे डोके रबराच्या पातळीखाली दाबून घ्यावे. वर राहिलेले डोके म्हणजे नियमाने निषिद्ध असलेला धातूचा दाताच होय.

यात अडचण वजनाची आहे. २००७ साली त्या स्पर्धेतील यंत्राचे वजन जास्तीत जास्त १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो असू शकत होते आणि उंच यंत्रांना मर्यादा याहूनही कमी होती. एक मीटर लांब, ७० सेंटिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड रबराचा तुकडा अडीच ते तीन किलो भरतो. दोन्ही बाजूंच्या रॅम्पवर असे तुकडे बसविले तर पाच-सहा किलो त्यातच जातात. फक्त चाकांच्या वाटेवर दोन उभ्या पट्ट्या लावाव्यात, ही पहिली कल्पना सुचते. पण सहकारी संघांच्या यंत्रांची रुंदी सारखी नसते. त्यापेक्षा आडव्या पट्ट्या, मध्ये तेवढीच मोकळी जागा सोडून लावल्या तर वजन निम्म्यावर येते आणि कोणत्याही रुंदीच्या यंत्राला त्या सापडतात.

ही काही नवी युक्ती नव्हे. मालधक्क्यांवर ट्रकमध्ये पोती चढविण्यासाठी जी फळी लावतात, तिच्यावर लाकडाच्या आडव्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. पाठीवर ओझे घेतलेल्या हमालाचा पाय त्या पट्टीला अडून राहतो. तेथे पकड नुसत्या घर्षणाची नसते, आकाराची असते. म्हणून पाऊस पडला तरी ती टिकते. यंत्रमानवाच्या फळीवर हीच युक्ती करताना चाकाचा व्यास विसरून चालत नाही. मोठ्या चाकाला एक सेंटिमीटर उंचीची पट्टी जाणवतही नाही. लहान चाक तीच पट्टी चढताना अडते, धक्के खाते आणि दोन पट्ट्यांमधल्या खोबणीत बसून राहते. चाक जितके लहान तितकी पट्टी बुटकी आणि पट्ट्या जवळजवळ हव्यात. ज्या चाकांच्या कडेला फिरते रोळ असतात, जी बाजूलाही सरकू शकतात, त्यांचा प्रश्न आणखी निराळा आहे. यंत्र चढणीवर थोडे जरी तिरपे आले तरी ते कडेला घसरते. अशा यंत्रासाठी फळीला दोन्ही कडांनी बुटके कठडे ठेवणे इष्ट.

फळीच्या पायाला रबराची रुंद पट्टी पुरते. धुळीचे काय करावयाचे, याचे उत्तर अगदी साधे आहे. प्रत्येक सामन्याआधी ओल्या फडक्याने चाके व फळी पुसावीत आणि कोरडी होऊ द्यावीत. कितीतरी संघ महागडे रबर आणतात आणि फडके आणावयास विसरतात.

शाळेच्या दारातील चढण

उपस्थितांपैकी अनेकांच्या मनात एव्हाना असा प्रश्न आला असेल की, माटुंग्याच्या तंत्रज्ञान संस्थेतील किंवा परदेशी जाणाऱ्या संघातील मुलांच्या या खटाटोपाशी तालुक्यातील शाळेचा संबंध काय. एक संबंध उघड आहे. २०१६ सालापासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली शाळांना प्रयोगशाळांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदान देण्याची योजना झाली आणि देशभरात दहा हजारांवर शाळांत अशा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. पुष्कळ ठिकाणी तेथील मोटरी व चाके पेटीतून बाहेर निघतात ती पाहुणे आल्यावरच, अशी शिक्षकांची तक्रार ऐकू येते. त्या साहित्याला काम हवे असेल तर ते शाळेच्या पायरीशीच उभे आहे.

शाळेच्या इमारतीत अडथळ्याविना प्रवेश असावा, अशी तरतूद २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ती जबाबदारी सार्वजनिक इमारतींवर अधिक स्पष्टपणे टाकली. त्यानुसार गावोगाव शाळा, पंचायत कार्यालये व मतदान केंद्रे येथे रॅम्प झाले, ही समाधानाची गोष्ट आहे. मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रॅम्पचा कल १ : १२ पेक्षा अधिक नसावा, त्याला कठडे असावेत आणि त्याचा पृष्ठभाग न घसरणारा असावा. व्हरांडा जमिनीपासून ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्पचा जमिनीवरचा पसारा ५ मीटर ४० सेंटिमीटर भरला पाहिजे. जागा अपुरी म्हणून तो ३ मीटर ६० सेंटिमीटरमध्ये उरकला की कल १ : ८ होतो. कागदावर दोन्हींची नोंद 'रॅम्प उपलब्ध' अशीच होते.

आणि पृष्ठभाग? इमारतीची शोभा वाढावी म्हणून त्यावर चकचकीत फरशी बसविली जाते. उन्हाळ्यात ती चालून जाते. आषाढात मुंबईत किंवा कोकणात तिच्यावर शेवाळ धरले की चाकाच्या खुर्चीवरील मुलाला ढकलणाऱ्या आईचा पाय आधी सटकतो. येथे घर्षण एकाच ठिकाणी मोजून भागत नाही; खुर्चीची चाके, ढकलणाऱ्याच्या चपला आणि कुबडीचे रबरी टोक अशी तीन निरनिराळी मापे आहेत, आणि त्यांत सर्वांत कमी भरेल ते माप धरावयाचे. यंत्रमानव घसरला तर ३० गुण जातात. येथे काय जाते ते सांगावयास नको.

गवंड्यांना यावरचा उपाय माहीत असतो. ओल्या सिमेंटवर दोरी दाबून ते आडव्या रेघा उमटवतात. गुरांच्या गोठ्यात तर तो नेहमीचाच रिवाज आहे. परंतु गोठ्यातल्याइतक्या खोल रेघा शाळेच्या रॅम्पवर ओढल्या तर खुर्चीची पुढची लहान चाके त्यांत अडकतात. मालधक्क्यावरच्या फळीचा आणि लहान चाकाचा जो हिशेब वर आला तोच येथे लागू पडतो. रेघा उथळ हव्यात आणि जवळजवळ हव्यात. चकचकीत फरशी आधीच बसलेली असेल तर ती फोडण्याची घाई करण्यापूर्वी खडबडीत रबराच्या आडव्या पट्ट्या लावून पाहता येतील. स्पर्धेत नाकारलेली खरखरीत पट्टी येथे मात्र चालू शकते, कारण येथे जपावयाचा गालिचा नाही. तिच्यावर पडलेल्याचे गुडघे सोलवटतील, एवढा विचार करून ती कठड्यालगत न लावता चालण्याच्या वाटेवर लावावी.

या कामी प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यांना लावता येईल. फळी उचलण्याचा प्रयोग रॅम्पवर होणार नाही, कारण रॅम्प उचलता येत नाही. त्याऐवजी चपलेच्या तळाचा किंवा कुबडीच्या टोकाचा तुकडा एका ठोकळ्याखाली बसवावा, त्यावर ठराविक वजन ठेवावे, व्हरांड्याच्या सपाट भागावर त्याच फरशीवर तो ताणकाट्याने आडवा ओढावा आणि तो हलू लागण्याच्या क्षणी काट्यावर दिसणारा आकडा ठोकळ्यासह असलेल्या एकूण वजनाने भागावा. पाच किलो वजन दोन किलोच्या ओढीने हलले तर घर्षणांक ०.४०. हे माप एकदा कोरड्या फरशीवर, एकदा पाणी ओतून आणि एकदा श्रावणात शेवाळ धरल्यावर घ्यावे. तिन्ही आकडे तारीखवार वहीत लिहून ती वही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवावी आणि दुरुस्तीचा ठराव त्या आकड्यांसह पंचायतीकडे पाठवावा. ताणकाटा बहुतेक शाळांच्या विज्ञान-साहित्याच्या कपाटात असतोच.